केलेपीच्या तोंडून गेलेला शब्द

केलेपीचा आवाज वाईनी गावात सगळ्यांना माहीत होता, पण फक्त रविवारचा. चर्चच्या गायनात खर्जाच्या रांगेत त्याची जागा ठरलेली. तिथे तो घसा मोकळा सोडायचा तेव्हा बाकावरच्या म्हाताऱ्या डोळे मिटून घ्यायच्या. उरलेले सहा दिवस हा चौतीस वर्षांचा थोराड माणूस ट्रकमध्ये कोनफळं आणि अळकुड्या भरून नुकुअलोफाच्या बाजारात न्यायचा, आणि कुणी चार शब्द बोललं तर दोन शब्दांत उत्तर द्यायचा.

त्याला एक बहीण. लोसालिने. त्याच्याहून दोन वर्षांनी धाकटी, पण मान तिचा. टोंगात बहिणीचाच असतो. केलेपी बारा वर्षांचा झाला तशी वडिलांनी त्याची वळकटी उचलून परसातल्या खोपटात नेऊन टाकली आणि घर लोसालिनेचं झालं. जेवताना कोंबडीचा चांगला तुकडा तिचा. ती खोलीत आली की हा उठून बाहेर. ती असताना पाचकळ बोलायचं नाही, कुणी बोलू लागलं तर ऐकायलाही थांबायचं नाही. टीव्हीवर नायक-नायिका जरा जवळ आले की केलेपी कोंबड्यांना दाणे टाकायला अंगणात जायचा. कोंबड्या त्यामुळे चांगल्या पोसल्या होत्या. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. त्यालाही वाटत नसे, निदान तो तसं समजत होता.

सतराव्या वर्षी लोसालिने ऑकलंडला आत्याकडे शिकायला गेली. तिथेच नोकरी, तिथेच फोलाहा गावच्या पेनिसिमानीशी लग्न. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याचे वडील थकले म्हणून दोघं परत आली आणि फोलाहात राहू लागली. परत येताना तिने तीन पेट्या आणल्या आणि टच रग्बीची चटक आणली.

त्या वर्षी बेटांच्या देशांची टच रग्बीची स्पर्धा नुकुअलोफाला भरायची होती. बायका-पुरुषांचा मिळून एक संघ, मैदानावर तीन बायका आणि तीन पुरुष. अंगावर धावून कुणाला पाडायचं नाही. हात लागला की थांबायचं, चेंडू जमिनीला टेकवून पुन्हा सुरू करायचं. सहा वेळा हात लागला की चेंडू समोरच्यांचा. संघ जमवायचं काम फिलिमोनेकडे होतं. तो सकाळी गावोगाव पाव पोचवायचा आणि संध्याकाळी पोरापोरींना पळवायचा. एक दिवस पावाची गाडी घेऊन तो केलेपीच्या अंगणात आला.

"एक अडचण आहे रे केलेपी," तो म्हणाला.

"कसली?"

"तुझी बहीण फार चांगली खेळते."

"मग अडचण कसली?"

"तूही बरा खेळतोस."

केलेपीची आई ओट्यावर चटईसाठी पानांच्या पट्ट्या सोलत बसली होती. तिने मान वर न करता म्हटलं, "एकाने घरी बसावं."

तो एक कोण हे तिला सांगावं लागलं नाही. केलेपीनेच बसायला हवं होतं. पण देशाचा लाल सदरा अंगात घालायला मिळणार, तोही घरच्या मैदानावर. चौतिसाव्या वर्षी असा योग पुन्हा कुठून येणार? तो म्हणाला, "मी डावीकडे खेळेन, ती उजवीकडे. मधे एवढी माणसं असतात."

"एवढी म्हणजे चार," फिलिमोने म्हणाला. "तुम्ही दोघं धरून सहा."

"चार पुष्कळ झाली," केलेपी म्हणाला. आईने पुढची पट्टी सोलायला घेतली.

त्या चारांतली एक सिसिलिया. ती पोलिसात होती, बाजाराच्या चौकात उभी राहून गाड्या सोडायची. तिला फिलिमोनेने बरोबर भावाबहिणीच्या मधे उभं केलं. केलेपी लोसालिनेशी थेट बोलत नसे, तिच्याकडे थेट चेंडूही टाकत नसे. जे जायचं ते सिसिलियाच्या हातून आणि सिसिलियाच्या तोंडून.

"सिसिलिया, तिला सांग, जरा मागे थांब म्हणावं."

"लोसालिने, तुझा भाऊ म्हणतो मागे थांब."

"त्याला सांग, ऐकलं."

"केलेपी, ऐकलंय हो तिने! बहिरी नाहीये ती. अरे, चौकात ट्रक सोडणं परवडलं, तुम्हा दोघांना सोडणं नको!"

सगळा संघ हसायचा. लोसालिने एका बाजूला तोंड करून हसायची, केलेपी दुसऱ्या बाजूला. असे दोन महिने छान गेले. त्यांची ही पद्धत एवढी अंगवळणी पडली होती की समोरच्यांना ती डावपेच वाटायची.

स्पर्धा गुरुवारी सुरू झाली. पहिल्या दिवशी त्यांनी टोकेलाऊला हरवलं, मग सामोआला. शुक्रवारी दुपारी उपांत्य सामना निउएशी.

"अख्ख्या देशात आपल्या वाईनीएवढीसुद्धा माणसं नाहीत," बूट बांधता बांधता सिसिलिया म्हणाली. "आणि त्यातली सगळी पळणारी दिसतायत."

खरंच पळणारी होती. शेवटची चार मिनिटं उरली तेव्हा सात-सात अशी बरोबरी होती. बाकांवर सगळा गाव लोटला होता. केलेपीची आई तिसऱ्या रांगेत छत्री उघडून बसली होती. शेजारी केलेपीची बायको विका, आणि विकाच्या मांडीवर त्यांची सहा वर्षांची लेसिएली. तेवढ्यात सिसिलियाची पोटरी धरली. ती लंगडत बाहेर आली आणि फिलिमोनेने तिच्या जागी दुसरी मुलगी आत सोडली. नवी मुलगी गडबडीत पार डाव्या टोकाला जाऊन उभी राहिली. त्यामुळे केलेपी मधे सरकला, आणि त्याच्या उजव्या हाताला थेट लोसालिने आली. मधे कुणी नाही.

पाच वेळा हात लागून झाला होता. चेंडू केलेपीकडे आला. तो डावीकडे जातोय असं दाखवून वळला, तसे निउएचे दोघं त्याच्या अंगावर आले. उजवीकडे रान मोकळं झालं. लोसालिने पळत होती, तिच्यापुढे गवताशिवाय काही नव्हतं.

"दे!" ती ओरडली.

दोन महिन्यांत ती पहिल्यांदा त्याला थेट काही म्हणाली होती. केलेपी अडखळला. अगदी क्षणभरच. मग त्याने चेंडू टाकला, पण उशिरा टाकला आणि तिच्या मागे टाकला. तिने पळता पळता अंग पिळवटून हात मागे नेला. चेंडू तिच्या खांद्याला लागला आणि खाली पडला.

आणि केलेपीच्या तोंडून शब्द गेला.

तो शब्द इथे लिहिण्यासारखा नाही. ट्रकचं चाक चिखलात रुतल्यावर, आसपास नुसते पुरुष असताना माणूस बोलून जातो तसला. तो रविवारच्या आवाजात गेला. वरच्या शेवटच्या बाकापर्यंत गेला. आणि तो बहिणीला उद्देशून होता, तिच्या नावासकट.

मैदान एकदम शांत झालं. निउएच्या मुलांना तो शब्द कळला नसेल, पण शांतता कळली. ती मुलंही जागच्या जागी थांबली. लोसालिनेने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने वाकून चेंडू उचलला, पंचाच्या हातात दिला आणि ओढणी सरळ करावी तसा सदरा खाली ओढून आपल्या जागी जाऊन उभी राहिली.

"बाहेर ये," फिलिमोने काठावरून म्हणाला. ओरडला नाही. नुसतं म्हणाला.

केलेपी बाहेर आला. बाकड्यावर सिसिलिया पोटरीला बर्फ लावून बसली होती. तिच्या तोंडाला एरवी विश्रांती नसे, पण तिने एक अक्षर काढलं नाही. पलीकडचे दोघं सरकून बसले. जागा करून द्यायला सरकले म्हणावं, तर जागा गरजेपेक्षा बरीच जास्त झाली होती. केलेपीने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. छत्री मिटली होती. आई उठून पायऱ्या उतरत होती, लोक गुडघे बाजूला घेऊन तिला वाट देत होते आणि तिच्या तोंडाकडे बघायचं टाळत होते.

वेळ संपली तरी बरोबरीच होती. पुढचा गुण जो करेल तो जिंकेल असं ठरून खेळ पुढे चालू झाला, आणि तो गुण लोसालिनेनेच केला. तीन जणांना चुकवून, एकटीने. टोंगा अंतिम सामन्यात गेला. दुसऱ्या कुठल्या दिवशी बायका बाकांवर उभ्या राहून नाचल्या असत्या. त्या दिवशी टाळ्या वाजल्या त्या निउएच्या लोकांनी वाजवल्या, हरूनही. आपल्या लोकांना काय करावं ते सुचलं नाही.

घरी येताना ट्रकमध्ये विका लेसिएलीला मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होती. शेवटी लेसिएलीनेच विचारलं, "बाबा आत्याला काय म्हणाले?"

"काही नाही," विका म्हणाली.

"सगळे गप्प का झाले मग?"

"झोप आता."

दिवस अजून मावळला नव्हता. झोपायची वेळ नव्हती, तरी पोरीने डोळे मिटले. घरी पोचल्यावर विकाने चूल पेटवली नाही, सकाळचं उरलेलं त्याच्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "मी तुला काय बोलू? मला बोलायला तोंड ठेवलं नाहीस. परवा चर्चमध्ये बायका माझ्याशी गोड बोलतील बघ. त्या गोड बोलायला लागल्या की कळतं किती वाईट झालंय ते."

"माझा तोल गेला."

"तोल गेला की माणूस जमिनीवर पडतो केलेपी. बहिणीवर नाही पडत."

त्याने ताट बाजूला सारलं.

शनिवारी उजाडताच तो परसामागे गेला. तिथल्या इफीच्या झाडाची पानं तोडून त्याने माळ ओवली. मग वडील गेले तेव्हाची, कडा उसवलेली जुनी चटई काढून कमरेला गुंडाळली. माफी मागायची टोंगात हीच रीत. असा वेश केलेला माणूस रस्त्याने जाताना दिसला की लोक हाक मारत नाहीत. तो ट्रक घेऊन गेला नाही. वाईनीहून फोलाहा चालत गेला. डुकरं चारायला निघालेल्या, कपडे वाळत घालणाऱ्या, पाव घ्यायला उभ्या असलेल्या सगळ्यांनी त्याला पाहिलं. फिलिमोनेची पावाची गाडी समोरून आली, हळू झाली आणि न थांबता गेली.

पेनिसिमानीच्या अंगणात तो मातीवर मांडी घालून, मान खाली घालून बसला. घरात भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

बऱ्याच वेळाने पेनिसिमानी बाहेर आला. साधा, सुस्वभावी माणूस.

"केलेपी... अरे, सावलीत तरी बस."

केलेपी हलला नाही.

"ती गेली रे. मागच्या दाराने गेली, आज फायनल आहे ना. तुझ्यासमोरून जायचं नव्हतं तिला." तो एक पायरी खाली उतरला. "पाणी आणू?"

केलेपीने मान हलवून नको म्हटलं.

"मलाही जायचं होतं मॅचला," पेनिसिमानी कुरकुरला. "पण माणूस अंगणात असा बसलेला असताना घर सोडून जाता येतं का? बाबा म्हणाले बस इथेच." आणि तो ओट्यावर खुर्ची टाकून मेहुण्यावर पहारा ठेवावा तसा बसला.

ऊन चढत गेलं. पानांची माळ मानेवर मऊ पडली. बसल्या बसल्या केलेपीच्या मनात तोच क्षण फिरत राहिला आणि दर फेरीत जास्त वाईट दिसू लागला. चेंडू मागे टाकला होता तो त्याने. तिने सुटलेला चेंडू धरायची शिकस्त केली होती. चूक त्याची होती, हे त्याला शब्द तोंडातून जायच्या आधीच ठाऊक होतं. ठाऊक असूनही तो गेला, म्हणजे तो चेंडूसाठी नव्हताच.

मग कशासाठी होता, याचा शोध घ्यायची त्याची इच्छा नव्हती. पण अंगणात दुसरं काही करायला नव्हतं. लेसिएली जन्मली तेव्हा त्याने आणि विकाने तिचं नाव विकाच्या आईचं ठेवायचं ठरवलं होतं. नाव ठेवायचा मान आत्याचा. लोसालिनेने ऑकलंडहून फोन केला आणि म्हणाली, लेसिएली. केलेपी म्हणाला, छान आहे. पोरीच्या पहिल्या वाढदिवसाला लोसालिने विमानाने आली, मानाच्या जागी बसली, आणि विकाच्या आईने वर्षभर खपून केलेली बारीक विणीची चटई रीतीप्रमाणे तिच्यापुढे ठेवली गेली. ती तिने उचलून नेली. केलेपी तेव्हा बाहेर जेवणासाठी जमिनीत केलेल्या भट्टीतले दगड उकरत होता. धुराने डोळे चुरचुरतायत, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं. त्याच्याही आधी, ती शिकायला विमानात चढली आणि तो खोपटात परतला, त्या दिवशीचंही काही होतं. दरवेळी तो उठून अंगणात गेला होता, आणि दरवेळी कोंबड्यांना दाणे टाकता टाकता काहीतरी पोटात घालत गेला होता. लोक म्हणायचे, केलेपीसारखा बहिणीचा मान ठेवणारा भाऊ नाही. तो ते ऐकून घ्यायचा.

शब्दाची लाज त्याला कालच वाटली होती. ही लाज वेगळी होती. ही कुणी पाहिलेली नव्हती.

कुंपणापलीकडे शेजाऱ्याने रेडिओ मोठा केला. कुक बेटांविरुद्धचा अंतिम सामना सुरू झाला होता. केलेपीच्या जागी कुणी नवखा मुलगा खेळत होता. दोनदा त्याच्या हातून चेंडू सुटला तेव्हा शेजारी चुकचुकला, मग कुंपणावरून केलेपीला पाहून ओशाळला आणि रेडिओ हळू केला. पेनिसिमानी ओट्यावरून ओरडला, "अरे, मोठा कर की! आम्ही काय पाप केलंय?" आणि लगेच जीभ चावून मेहुण्याकडे बघू लागला.

एका गुणाने हरले. लोसालिनेने चार गुण केले होते.

दुपार कलली तेव्हा संघाचा ट्रक आला. आधी लांबून गाणं ऐकू आलं. हरले तरी आपले लोक गातातच. कुंपणाशी आल्यावर गाणं एकेका आवाजाने बंद पडत गेलं. लोसालिने उतरली. तिच्या गळ्यात दुसऱ्या क्रमांकाचं पदक होतं आणि गुडघा सोलवटला होता. ट्रकमधून कुणी उतरेना, पण कुणी तोंडही फिरवेना.

ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. केलेपीला फक्त तिचे मातीने भरलेले बूट दिसत होते. त्याने वाटेत पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली. बहिणीला म्हणतात तसं, मोठ्यांशी बोलावं तसं.

"मी तुमच्या पायांशी आलोय. माझ्या तोंडून जे गेलं ते परत घेता येत नाही. तुम्ही मला मारलंत तरी, हाकलून दिलंत तरी, मी मान वर करणार नाही. मला क्षमा करा."

ती म्हणाली, "पास मागे होता."

"हो."

"मोठ्याने सांग."

केलेपीने मान खाली ठेवूनच सांगितलं, "पास मी मागे टाकला. चूक माझी होती. तिची नव्हती." ट्रकपर्यंत ऐकू गेलं. क्षमा मागताना आवाज कापला नव्हता. हे सांगताना कापला.

लोसालिने वाकली आणि तिने त्याच्या गळ्यातली पानांची माळ काढली. माळ काढली म्हणजे क्षमा झाली. पुढे कुणी विषय काढायचा नाही. "ऊठ," ती म्हणाली. "सकाळपासून बसलायस. आत अळूची पानं केलीत, खाऊन जा."

आता बोलावं, असं केलेपीच्या मनात आलं. नावाचं, चटईचं, सगळं. पास चुकला एवढंच खरं नाही, हे सांगावं. त्याने तोंड उघडलंसुद्धा. पण ट्रकमधले सगळे बघत होते, पेनिसिमानी सुटल्यासारखा हसत पुढे येत होता, आणि लोसालिने आधीच वळून बाहेरच्या नळावर गुडघा धुवायला गेली होती. त्याने तोंड मिटलं. उठताना पाय इतके बधिर झाले होते की पेनिसिमानीला त्याला धरावं लागलं. नारळाच्या दुधात शिजवलेलं अळू त्याने खाल्लं, ओट्यावर, एकट्याने. चांगलं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये तो खर्जाच्या रांगेत उभा राहिला नाही; मागे पुरुषांच्या शेवटच्या बाकावर बसला. तिसऱ्या रविवारी गाणं बसवणाऱ्या मास्तरांनी बोलावलं तेव्हा तो गेला, पण त्याचा आवाज मोकळा लागेना. लोसालिनेने झालं-गेलं खरंच टाकून दिलं होतं. सणावारी यायची, मानाच्या जागी बसायची, लेसिएलीच्या केसांना तेल लावायची. ती जितकी सहज वागायची तितकं केलेपीला आपण फसवून क्षमा मिळवल्यासारखं वाटायचं. एकदा त्याने विकाला सगळं सांगितलं. विका चटईच्या पट्ट्या ताणत होती. ती म्हणाली, "चटईचं मलाही वाटलं होतं." आणि थोड्या वेळाने, "पण मी शिवी नाही दिली."

पुढच्या वर्षी स्पर्धा निउएला होती. फिलिमोने संघ जमवत होता. एक दिवस बाजारात केलेपी ट्रकमधून पोती उतरवत असताना सिसिलिया चौक सोडून त्याच्याकडे आली.

"तुझ्या बहिणीचा निरोप आहे," ती म्हणाली. "यंदा खेळ म्हणते. तूच मधे उभा राहा म्हणते, माझी गरज नाही. माझ्या पोटावर पाय देतेय ती."

केलेपीने पोतं खाली ठेवलं. "तिला सांग," तो म्हणाला, "गुडघा दुखतो."

सिसिलियाने त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं. मग त्याने नुकत्याच एकट्याने उतरवलेल्या कोनफळांच्या अकरा पोत्यांकडे पाहिलं. मागे चौकात गाड्यांचे भोंगे सुरू झाले होते.

"कुठला सांगू?" तिने विचारलं. "डावा की उजवा?"

"कुठलाही," केलेपी म्हणाला, आणि बारावं पोतं घ्यायला वळला.